कोर्ट फीचा काटा कोणाकडे झुकतो?

(जिल्हा बैठकीत कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस काट्यावर चढला की आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. क्विंटलमागे किती कडता धरला, हमाली किती कापली, पट्टीवर काय लिहिले, सगळे पाहतो. पण आपल्या हक्काचे पैसे कोणी बुडवले, बांध कोणी कोरला, जमीन कोणी दाबली, आणि कोर्टात जायची पाळी आली, की आपण काट्याकडे पाहतच नाही. कोणी तरी पारावर सांगतो, "अरे, जमीन दहा लाखांची, तर लाखभर तर कोर्ट फीच लागेल." झाले. माणूस घरी येतो आणि गप्प बसतो. पुढे मुदत निघून जाते. मग कोर्टाची इच्छा असली तरी ते काही करू शकत नाही.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपल्याला लहानपणापासून ऐकवली जाते. ती सगळ्यात जोरात कोण ऐकवतो, ते एकदा बघा. ज्याच्याकडे आपले पैसे अडकलेले असतात, तोच. पायरी चढायची की नाही, हे तुम्ही ठरवा. पण हिशेब न करता ठरवू नका. आज मी तो हिशेब मांडायला उभा आहे. मी वकील नाही, शेतकीचा पदवीधर आहे. पण माती तपासायची असो की कायदा वाचायचा असो, रीत एकच: आधी नमुना घ्या, मग निष्कर्ष काढा.

कोर्ट फी म्हणजे काय?

पहिली गोष्ट, कोर्ट फी म्हणजे वकिलाची फी नव्हे. ती दावा दाखल करताना सरकारला द्यायची रक्कम. समन्स बजावण्याचा खर्च, वकीलपत्राचे तिकीट हे निराळे, आणि वकिलाचे मानधन त्याहून निराळे. कोणी एकच मोठा आकडा सांगितला तर विचारा, यातली कोर्ट फी किती?

दुसरी गोष्ट, हा विषय दिल्लीचा नाही. घटनेप्रमाणे सर्वोच्च न्यायालय सोडून बाकीच्या कोर्टांची फी ठरवणे राज्याच्या हातात आहे. आपल्याकडे १९५९ चा कोर्ट फी कायदा लागू आहे. त्याचे आधीचे नाव मुंबई कोर्ट फी कायदा, आताचे महाराष्ट्र कोर्ट फी कायदा. म्हणजे आपण ज्यांना मते देतो, तेच आमदार ही फी ठरवतात. हे लक्षात ठेवा, शेवटी याकडे परत यायचे आहे.

फी मोजली जाते मागणीवर

आता मुख्य मुद्दा. फी तुमच्या नुकसानावर मोजली जात नाही, तुमच्या रागावरही नाही. दाव्यात तुम्ही कोर्टाकडे काय मागता, त्यावर ती मोजली जाते. मागणी बदलली की फी बदलते. या कायद्याचे कलम ६ म्हणजे हा काटा. त्यातल्या आपल्या कामाच्या चार-पाच बाबी सांगतो.

एक, पैशाचा दावा. व्यापाऱ्याने कापूस नेला, पैसे दिले नाहीत. इथे जेवढी रक्कम मागाल, तेवढ्यावर फी. दावा दाखल होईपर्यंतचे व्याज मागितले तर ते धरून. नुकसानभरपाईचा दावाही याच मापाने.

दोन, शेतजमिनीच्या ताब्याचा दावा. पारावरच्या गप्पांनी सगळ्यात जास्त घाबरवले आहे ते इथेच. घर किंवा बाग असेल तर बाजारभाव धरतात. पण सरकारला सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे मूल्यांकन बाजारभावाने होत नाही. ते होते सातबाऱ्यावरच्या आकारणीच्या ठरावीक पटीत. तुमचा सातबारा काढा. त्यावर "आकार" म्हणून रुपये-पैसे लिहिलेले असतात. समजा, १ हेक्टर २० आर कोरडवाहू जमीन आहे आणि आकार ४ रुपये ८० पैसे आहे. बाजारात तिची किंमत दहा-बारा लाख होईल. पण कोर्ट फीसाठी कायद्याने दिलेली पट लावली की मूल्यांकन शेकड्यांत, फार तर हजाराच्या आसपास येते. ज्या फीला भिऊन माणूस दहा-बारा लाखांची जमीन सोडून देतो, ती फी बहुधा एका बियाण्याच्या पाकिटाएवढीही नसते.

तीन, नुसती हक्काची घोषणा. "ही जमीन माझ्या मालकीची आहे असे जाहीर करा" एवढेच मागितले, तर ताब्याच्या दाव्याला जी फी लागली असती तिच्या एक चतुर्थांश. घोषणेबरोबर मनाई हुकूम किंवा दुसरी दाद मागितली, तर निम्मी. यात किमान रक्कम ठेवलेली आहे, तिच्याखाली जाता येत नाही.

चार, खरेदीखत रद्दबातल असल्याची घोषणा. सही फसवून घेतली, विक्री बेकायदा आहे, असा दावा असेल तर मालमत्तेच्या मूल्यावरच्या फीच्या निम्मी.

पाच, वाटणीचा दावा. भाऊ भावावर किंवा बहीण भावावर वाटणीसाठी जाते तेव्हा साऱ्या शेतावर फी लागत नाही. मागणाऱ्याचा जेवढा हिस्सा, तेवढ्याच्या मूल्यावर लागते.

आणि जिथे मागणीची पैशात किंमतच होत नाही, कायद्यात दुसरी तरतूदही नाही, तिथे दावा एक हजार रुपयांचा आहे असे मानून फी घेतात. ताबा तुमच्याकडेच आहे, शेजारी फक्त अडथळा करतो, त्याला मनाई करा एवढेच मागायचे आहे, असे अनेक दावे या मापात बसतात.

पण एक खबरदारी. फी कमी म्हणून चुकीची दाद मागू नका. शेजाऱ्याने ताबा घेऊन पेरणी केली आहे आणि तुम्ही नुसती मालकीची घोषणा मागता, तर कोर्ट विचारेल, ताबा का नाही मागितला? जी पुढची दाद मागता येत होती ती मागितली नाही, तर नुसती घोषणा मिळत नाही, असे विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ सांगतो. पाच-पन्नास रुपये वाचवायला जाल आणि दावा गमवाल. रोग एक आणि फवारणी दुसरीच, असे व्हायला नको.

तक्ता कसा वाचायचा?

मूल्यांकन झाले की तक्ता लावायचा. दर मधून मधून बदलतात, म्हणून दाखल करायच्या दिवशी चालू असलेला तक्ता कोर्टाच्या कचेरीत पाहून घ्या. रीत समजावी म्हणून जानेवारी २०१८ च्या दुरुस्तीआधीचा तक्ता घेऊ.

त्यात पहिल्या हजारापर्यंत २०० रुपये. १ हजार ते ५ हजार, दर शंभराला १२ रुपये. ५ ते १० हजार, दर शंभराला १५. १० ते २० हजार, दर पाचशेला ७५. २० ते ३० हजार, दर हजाराला १००. ३० ते ५० हजार, दर दोन हजारांना १००. ५० हजार ते १ लाख, दर पाच हजारांना १५०. पुढे ११ लाखांपर्यंत दर दहा हजारांना २००. त्याच्याही पुढे दर लाखाला १,२००. टप्पा अपुरा असला तरी पूर्ण धरायचा.

व्यापाऱ्याकडे ६० हजार अडकले आहेत. बेरीज करा. पहिल्या हजाराचे २००, पुढच्या चार हजारांचे ४८०, पुढच्या पाच हजारांचे ७५०, मग १,५००, मग १,०००, मग १,०००. पन्नास हजारांपर्यंत झाले ४,९३०. उरलेल्या दहा हजारांचे दोन टप्पे, ३०० रुपये. एकूण ५,२३०. हिशेब चौथीतल्या पोराला येण्यासारखा आहे. दावा जिंकलात तर ही रक्कम प्रतिवादीकडून खर्चात धरून मागता येते. दाव्यात "खर्चासह" हा शब्द असला पाहिजे.

आता काटा बघा

भावांनो, हाच तक्ता उलटा करून वाचा. हजाराच्या दाव्याला २०० रुपये, म्हणजे शेकडा वीस. दहा हजारांना १,४३०, म्हणजे शेकडा चौदा रुपये तीस पैसे. एक लाखाला ६,४३०, शेकडा साडेसहाच्या आत. अकरा लाखांना २६,४३०, शेकडा अडीचच्या आत. एक कोटीला १,३३,२३०, शेकडा दीडही नाही. आणि वर झाकण. त्या वेळी कमाल फी ३ लाख होती. दावा दहा कोटींचा असला तरी ३ लाखच, म्हणजे शेकडा तीस पैसे!

ज्याचा दावा लहान, त्याला शेकडा वीस. ज्याचा दावा डोंगराएवढा, त्याला शेकडा तीस पैसे. आपल्या ज्वारीच्या काट्यावर असा हिशेब केला असता तर आपण मापाड्याला जागचा हलू दिला नसता. २०१८ मध्ये कमाल मर्यादा १० लाख केली. पण वर झाकण आहे तोपर्यंत वरच्या टोकाचा टक्का घटतच जाणार. लहान दाव्याची गत मात्र "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला".

याचे समर्थन काय करतात? फी नसेल तर लोक उगाच दावे करतील. हे समर्थन फार जुने आहे. १७९५ साली कंपनी सरकारने बंगालमध्ये फी बसवली, तेव्हा प्रस्तावनेत खोट्या दाव्यांना आळा घालण्याचेच कारण लिहिले होते. पुढे मेकॉलेनेही त्या प्रस्तावनेची खिल्ली उडवली. कारण साधे आहे. फी दारातच घेतली जाते, आणि खरा कोण, खोटा कोण हे शेवटी कळते. दारातली फी दोघांना सारखीच. खोटा असून ज्याच्याकडे पैसा आहे तो आत जातो, खरा असून ज्याच्याकडे नाही तो बाहेर राहतो. १९५८ साली विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात म्हटले की न्यायदान हे सरकारच्या कमाईचे साधन होता कामा नये. अहवाल कपाटात, तक्ता टेबलावर.

फी नसेल तर काय?

आता कामाचे सांगतो. ज्याच्याकडे फीचे पैसे नाहीत, त्याला वाटा आहेत. गावोगाव सांगा.

पहिली, बायकांसाठी. १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र सरकारने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली आहे. नवरा गेल्यावर दिराने सातबाऱ्यावरून नाव काढले, भावाने वाटा नाकारला, अशा माय-बहिणींनी दाव्यात या अधिसूचनेचा आधार घ्यावा. कारकुनाला माहीत नसेल तर वकिलाने दाखवावी.

दुसरी, विधी सेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत मदतीचे हक्कदार दिले आहेत. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, ठरीव उत्पन्नाच्या आतले लोक, आणि नीट ऐका, पूर आणि दुष्काळ यांचे बळी. दुष्काळ हा शब्द कायद्यात छापलेला आहे. तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असते. अर्ज तिथे करायचा. मदतीत वकील मिळतो, आणि कोर्ट फीसारखा खर्चही धरता येतो.

तिसरी, दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ३३. निर्धन म्हणून दावा लावण्याची परवानगी. इथे निर्धन म्हणजे भिकारी नव्हे. फी भरण्याइतके साधन नसलेला माणूस. त्याची ऐपत मोजताना ज्या जमिनीबद्दल दावा आहे ती धरत नाहीत. जप्तीतून सुटलेल्या वस्तूही धरत नाहीत, म्हणजे कसणाऱ्याची अवजारे, गरजेचे बैल, पेरणीचे बियाणे, राहते घर. वादात नसलेली दुसरी शेती मात्र धरली जाते. ही माफी नाही, उधारी आहे. निकालानंतर फी वसूल होते. पण दार उघडते.

चौथी, लोकअदालत. कोर्टाने लोकअदालतीकडे पाठवलेल्या दाव्यात तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी दहादा वाचा.

कोर्टाआधीची दारे

प्रत्येक भांडणाला दिवाणी दावा हेच औषध नाही. बियाणे उगवले नाही, बोगस निघाले, तर ग्राहक आयोगाचे दार आहे. राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये स्पष्ट केले की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि बियाणे कायदा असला तरी त्याला ग्राहक मंचाकडे जाता येते. २०१९ च्या कायद्यानंतर तिथली फी तुम्ही वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. म्हणजे पाकिटांची किंमत काही हजार आणि बुडालेल्या पिकाची भरपाई लाखांत मागितली, तरी फी शून्य. मुदत दोन वर्षे. पावती, पाकीट, लॉट नंबर आणि कृषी खात्याच्या समितीचा पंचनामा एवढे मात्र जपा. पाकीट फोडून बांधावर फेकणे आजपासून बंद करा.

शेतात जायचा वहिवाटीचा रस्ता अडवला किंवा पाणी अडवले, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येते. मुदत सहा महिन्यांची. सावकाराने कर्जापोटी खरेदीखत करून जमीन घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याच्या कलम १८ प्रमाणे जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. मागच्या पंधरा वर्षांतले व्यवहार त्यात तपासता येतात. माल बाजार समितीच्या आवारात विकला असेल, तर पैशासाठी आधी समितीकडे लेखी तक्रार द्या. तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात.

तीन इशारे

एक, मूल्यांकन मुद्दाम कमी दाखवू नका. कोर्ट दुरुस्त करायला सांगते, आणि दिलेल्या मुदतीत फी भरली नाही तर दावाअर्ज फेटाळला जातो. खरोखर पैसे कमी पडले असतील तर वेळ मागा. कोर्टाने परवानगी देऊन तूट भरून घेतली, की पहिल्याच दिवशी पूर्ण भरल्यासारखे धरतात.

दोन, फी कमी व्हावी म्हणून मागणीचा तुकडा पाडू नका. ९० हजार येणे असताना ५० हजारांचाच दावा केला, तर उरलेले ४० हजार नंतर मागता येत नाहीत.

तीन, मुदत पाहा. विकलेल्या मालाच्या पैशासाठी तीन वर्षे, मालकीच्या आधारे ताब्यासाठी बारा वर्षे. व्यापारी "पुढच्या हंगामात देतो" म्हणत तीन हंगाम काढतो, तो उगाच नाही. त्याला कॅलेंडर कळते. आपल्यालाही कळले पाहिजे.

आपली मागणी

१९८८ साली कर्नाटक, राजस्थान आणि महाराष्ट्र यांच्या फीविषयीची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापुढे आली. दाव्याच्या मूल्यावर फी घेणे घटनाबाह्य नाही, असे न्यायालयाने ठरवले. म्हणून ही लढाई कोर्टात कमी आणि विधानसभेत जास्त आहे. फी राज्याने लावली आहे, राज्यच बदलू शकते. मी या बैठकीपुढे तीन मागण्या ठेवतो.

लहान दाव्यावर जास्त टक्का आणि मोठ्यावर कमी, ही शिडी उलटी करा. शेतमालाच्या थकलेल्या पैशाच्या लहान दाव्यांना कोर्ट फी माफ करा. आणि प्रत्येक तालुका कोर्टाच्या दाराशी चालू फीचा तक्ता, स्त्रियांच्या माफीची अधिसूचना आणि विधी सेवेचे हक्कदार, हे तिन्ही मोठ्या अक्षरांत मराठीत लावा. तिसऱ्या मागणीला तर कायदाही बदलावा लागत नाही, फक्त खिळा आणि हातोडी लागते.

तोपर्यंत कार्यकर्त्यांनी एक काम करावे. आपापल्या गावात कोणाचे पैसे, कोणाची जमीन "कोर्ट फी परवडत नाही" म्हणून सोडलेली आहे, त्याची यादी करा. प्रत्येकाचा सातबारा किंवा पट्टी समोर ठेवा. काय मागायचे आहे, मुदत किती उरली आहे, फी किती बसते, माफी लागते का, एवढे चार रकाने भरा. पुढच्या बैठकीला ती यादी घेऊन या. अर्ज कोणी कुठे करायचा, हे आपण नावानिशी ठरवू.

हिशेब करून कोणी म्हणाला, मला जायचे नाही, तर तो त्याचा निर्णय. पण हिशेब न करता सोडलेला हक्क हा सोडलेला नसतो, तो आपल्याकडून काढून घेतलेला असतो.

एवढे बोलून मी थांबतो.